थाई स्वयंपाकातली वासाची पानं, मुळं आणि साली: काय कुठे मिळतं, कशाऐवजी काय चालतं, कशाऐवजी काहीच चालत नाही

सागरगोटा

'ग्रीन करी घरी केली, रंग आला, तिखटपणा आला, पण तो वास काही आला नाही' अशी तक्रार या मंचावर अधूनमधून येते, आणि लगेच खाली तयार पेस्टच्या ब्रँडांची यादी सुरू होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी बरीच वर्षं बँकॉकमध्ये आहे. बाजारात रेंगाळणं हा माझा जुना आजार. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते, बाकीच्यांनी भर घाला.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. थाई जेवणाचा वास मसाल्याच्या डब्यातून फारसा येत नाही, तो भाजीवाल्याकडून येतो. धने, जिरे, पांढरी मिरी इथेही आहेत, मस्सामान करीत तर वेलची, दालचिनी, लवंग, जायफळ सगळं असतं. पण रोजच्या जेवणात घमघमतात ती ओली पानं, ओली मुळं आणि सालं. आपण तेल तापवून फोडणीत वास उघडतो, हे लोक कुटून उघडतात. म्हणून वाळवलेल्या मालाच्या पुड्या आणून फारसं काही हाती लागत नाही.

इथल्या कुठल्याही ताज्या बाजारात, ख्लोंग तोईच्या चिखलात जा किंवा चतुचकजवळच्या चकचकीत ओ तो कोमध्ये, टॉम यम या आंबट-तिखट सूपची तयार जुडी मिळते: गवती चहाचे दांडे, गलांगलचा तुकडा आणि मक्रूतची चार पानं, रबर लावून. टॉम यम कुंगला 2024 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, पण बाजारातल्या मावशींच्या लेखी ती अजूनही आजारी माणसाला सुद्धा चालणारी, चिल्लर पैशांत होणारी गोष्ट आहे.

गवती चहा. आपण पाती चहात टाकतो आणि बुंधा जमिनीत ठेवतो. इथे बरोबर उलटं: पाती बाजारात येईपर्यंत छाटलेली असते आणि विकला जातो तो खालचा पांढरट-जांभळट, फुगीर दांडा. बाहेरची दोन-तीन वाळकी आवरणं काढायची, मुळाकडची चकती उडवायची आणि खालचा वीतभर भाग घ्यायचा. सूपमध्ये घालायचा असेल तर सुरीच्या पाठीने ठेचून मोठे तुकडे करायचे, ते खायचे नसतात. पेस्टमध्ये किंवा सॅलडमध्ये घालायचा असेल तर आडव्या, कागदासारख्या पातळ चकत्या. उभा चिरलात तर तोंडात दोरे येतात.

गलांगल. दिसायला आल्याचं भावंड, साल फिकट आणि तिच्यावर अंगठीसारखी वळी. चव मात्र आल्याची नव्हे: कापूर, देवदार, थोडी मिरी. कोवळं असतं तेव्हा टोकाला गुलाबी झाक असते, ते टॉम खा गाय या नारळाच्या दुधातल्या चिकन सूपमध्ये चकत्या करून. जून झालं की लाकडासारखं कडक होतं, ते पेस्टमध्ये. आपल्याकडे हेच वाळवून काष्ठौषधींच्या दुकानात कोळिंजन किंवा कुलंजन म्हणून मिळतं.

मक्रूत. नर्सरीत काफिर लाइम म्हणून विकतात ते. पान दोन मजली असतं, एकाच्या टोकाला दुसरं जोडल्यासारखं. रस्स्यात घालताना मधली शीर ओढून काढा आणि पान हाताने फाडा. माशाच्या वड्यांत, म्हणजे थोत मानमध्ये, किंवा पानांग करीवर घालायचं असेल तर गुंडाळी करून केसासारखं बारीक चिरा. फळ सुरकुतलेलं, रस कमी आणि कडवट. त्याचं सोनं सालीत आहे. वरची हिरवी साल तेवढी किसायची, खालचा पांढरा भाग आला की पेस्ट कडू.

कोथिंबिरीची मुळं. हे तर आपल्या दारात पडलेलं धन. मुळं, लसूण आणि पांढरी मिरी ही तिन्ही एकत्र कुटून जे होतं ते थाई स्वयंपाकाचं मूळ वाटण. इथे या तिघांना 'तीन जिवलग मित्र' म्हणतात. कोंबडी भाजायची असो, खिम्याचे गोळे असोत की साधं रस्सा-पाणी, सुरुवात इथून. मंडईतून मुळासकट जुडी घ्या, जुन्या टूथब्रशने माती घासा, आणि लगेच लागणार नसतील तर फ्रीझरमध्ये साठवत जा.

तुळशीचे तीन प्रकार, केवड्याच्या कुळातलं पांदान आणि वासाने शेजारी गोळा करणारी कपि म्हणजे कोळंबीची मुरवलेली पेस्ट यांबद्दल प्रतिसादांत लिहिते, नाहीतर हा लेख इथेच संपायचा नाही.

पाटावरवंटा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. आमच्या कुंडीतला गवती चहा वर्षानुवर्षं आहे, पण दांडा काडीएवढाच. त्याचं वाटण करायला घेतलं तर सगळा चोथा. ही जातच वेगळी का?

सागरगोटा

जातीचा थोडा फरक असेल, पण बहुतेक वेळा दोष आपल्या कात्रीचा असतो. चहासाठी सारखी पाती कापत राहिलं की झाडाची सगळी ताकद पुन्हा पाती वाढवण्यात जाते. ठोंब खूप दाटला असेल तर उपटून फोडा, दोन-तीन दांड्यांचे गट करून मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावा, शेणखत आणि भरपूर पाणी द्या, आणि पावसाळाभर त्याला हात लावू नका. नंतर दांडा कापताना मातीच्या थोडा आत सुरी घालून मुळाशी तोडा.

तोवर सूपसाठी पातळ दांड्यांची जुडी बांधून ठेचून टाका, वास येतो. पाती सुद्धा गाठ मारून रस्स्यात उकळून काढता येते. वाटणाला मात्र जाड दांडाच हवा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला आणि पुण्यात ब्रोकोली, झुकिनी ठेवणाऱ्या भाजीवाल्यांकडे 'लेमनग्रास' म्हणून तो मिळतो. हल्ली घरपोच भाजीच्या अ‍ॅपवर सुद्धा.

उंटावरचा_शहाणा

सगळं ठीक, पण गलांगलऐवजी आलं घातलं तर आकाश कोसळतं का? सामान्य माणसाने एका करीसाठी किती दुकानं पालथी घालायची? आमच्या घरी आलं घालून करतो, सगळे बोटं चाटतात.

सागरगोटा

बोटं चाटत असतील तर करा की! फक्त ते आल्याची नारळी आमटी म्हणून चाटा. 

गंमत म्हणजे थाई स्वयंपाकात आलं आहेच, भरपूर आहे. आल्याच्या काड्या घालून परतलेलं चिकन हा घराघरातला पदार्थ. म्हणजे त्यांच्याकडे दोन्ही मुळं बाजारात शेजारी-शेजारी असतात आणि तरी टॉम खामध्ये आलं कोणी घालत नाही. आल्याचा तिखटपणा घशाला लागतो आणि नारळाच्या दुधाला एक गोडसर उष्णपणा देतो. गलांगल तेच दूध थंड, स्वच्छ करतं. टॉम खा गायमध्ये तर नावातच ते आहे ('खा' म्हणजे गलांगल), ते नसेल तर दुसरं काही करा. ग्रीन करीत गलांगल थोडंसंच असतं, तिथे नाही मिळालं तर वगळा, पण आलं घालू नका. आल्याचा वास बाकी सगळ्यांना खाऊन टाकतो.

आजीचा_बटवा

कोळिंजन आमच्या घरात आवाज बसला की चघळायला देत. ते वाळकं भिजवून चालेल का हो?

सागरगोटा

आजी, सूपमध्ये चालवून घेता येईल. कोमट पाण्यात तासभर भिजवा, ते पाणीही रस्स्यात घाला. पण वाळल्यावर ताजेपणाचा वास जातो आणि औषधीपणा उरतो, त्यामुळे अर्धंच घाला. पूड असेल तर चिमूटभर. वाटणात वाळके तुकडे घालू नका, ते दगडासारखे राहतात.

रसायनी

थोडं शास्त्र, कंटाळा आला तर पुढे जा.

गवती चहाचा वास मुख्यतः सिट्रालचा. मक्रूतच्या पानात सिट्रोनेलाल खूप जास्त, म्हणून ते लिंबासारखं वाटूनही लिंबू नाही. आपल्या कागदी लिंबाच्या पानात हे प्रमाण नसतं, त्यामुळे 'लिंबाची पानं घाला' हा सल्ला अर्धाच खरा आहे. होरफा म्हणजे थाई गोड तुळशीत मिथाइल चॅविकॉल, त्यामुळे बडीशेपेची आठवण येते. कफ्राव या दुसऱ्या थाई तुळशीत युजेनॉल, म्हणजे लवंगेतला घटक, आणि त्याचे नातेवाईक.

हे सगळे पदार्थ उडून जाणारे आहेत. म्हणून दांडे आणि मुळं आधी, पानं शेवटी हा क्रम. तुळशीची पानं आच बंद करता-करता घालायची, लिंबाचा रस पातेलं उतरवल्यावर. टॉम यम उकळत असताना लिंबू पिळणाऱ्यांना आंबट पाणी मिळतं.

आणि पांदानबद्दल: त्या पानातला वास आणि बासमती, थाई जॅस्मिन तांदूळ, आपला आंबेमोहर यांचा वास हा एकाच रेणूचा, 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलिन. कोकणात काही परसांत हे झाड असतं आणि त्याला आंबेमोहोर पात किंवा अन्नपूर्णा म्हणतात. भात शिजताना एक पान टाकलं की साध्या तांदळालाही सुगंध येतो.

मोरपंखी

रसायनीताई, दंडवत. पांदानऐवजी केवडा इसेन्स घालतात ते मग चूक?

रसायनी

कूळ एक, वास निराळा. केवड्याचा सुगंध फुलाचा, अत्तराकडे झुकणारा. पांदानचा पानाचा, भाताकडे झुकणारा. खीर-बिर्याणीत केवडा ठीक, पण पांदानच्या जागी घातलात तर पदार्थ लग्नाच्या मांडवात जाऊन बसतो.

आजीचा_बटवा

आता मनातलं विचारते. ती कफ्राव म्हणजे आपली तुळसच ना? आणि ती म्हणे खिम्यात घालतात?

सागरगोटा

होय, जात तीच. फात कफ्राव म्हणजे कोंबडी, डुक्कर किंवा बीफचा जाडसर खिमा, लसूण-मिरची कुटून मोठ्या आचेवर परतलेली, फिश सॉस, आणि उतरवताना मूठभर कफ्रावची पानं. सोबत भात आणि कडा कुरकुरीत केलेलं तळलेलं अंडं. काय खावं ते सुचत नसेल तेव्हा इथली माणसं डोळे झाकून हेच मागवतात. त्यात चवळीच्या शेंगा घालाव्यात की नाही यावर इथे आपल्या पोह्यांतल्या बटाट्याएवढी भांडणं होतात. मी 'शेंगा नकोत' पक्षात.

आपल्या तुळशीच्या मानाने इथल्या पानाचा वास जास्त मिरीकडे, आणि पान कोवळं. आपली कृष्ण तुळस घातली तर काढ्याचा वास वर येतो. राम तुळस त्यातल्या त्यात बरी, आणि तीही मंजिरी यायच्या आधीची कोवळी शेंडी.

पाटावरवंटा

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून चालणार नाही, निदान आमच्या घरी. वृंदावनातली तुळस तोडून कोंबडीत टाकली असती तर आईने मला घराबाहेर काढलं असतं. तोडगा असा काढला की थाई कफ्रावचं बी मागवून वेगळ्या कुंडीत, मागच्या बाल्कनीत लावलं. तिला पाणी मी घालतो, पूजा कोणी करत नाही, आणि घरात तिला 'खिम्याचं झाड' म्हणतात. आईला ते मान्य आहे.

आजीचा_बटवा

हे छान केलंत. पण मी आपली पनीर आणि मशरूमवर प्रयोग करेन म्हणते. त्याला ती गोड तुळस चालेल का?

सागरगोटा

चालेल, पदार्थ वेगळा होईल पण चांगला होईल. होरफाला आपल्याकडे सगळ्यात जवळचं काय, तर सब्ज्याचं झाड. फुलवाले गजऱ्यात, वेणीत हिरवा पाला घालतात ना, त्यात बऱ्याचदा सब्जा असतो. बडीशेपेसारखा गोड वास येतो. फालुद्यासाठी आणलेला सब्जा कुंडीत पेरला तरी उगवतो. गजऱ्यातला पाला मात्र स्वयंपाकात नको, त्यावर काय फवारलेलं असतं देव जाणे. इटालियन बेसिल शेवटचा पर्याय: वास मऊ, आणि गरम रस्स्यात लगेच काळं पडतं.

तिसरी मेंगलक, लिंबाच्या वासाची, पान नाजूक. ती खनोम जीन या तांदळाच्या शेवयांबरोबर कच्ची खातात, पातळ भाज्यांच्या रस्स्यात घालतात. तिच्यासाठी धडपड करू नका.

मोरपंखी

न्यू जर्सीतून लिहितेय. इथे व्हिएतनामी आणि थाई दुकानांच्या फ्रीझरमध्ये मक्रूतची पानं आणि गलांगलच्या चकत्या मिळतात. गोठवलेलं मक्रूत जवळजवळ ताज्याइतकंच चांगलं, वाळवलेलं मात्र अक्षरशः तमालपत्राचा चुरा. होरफा ताजी मिळते, कफ्राव क्वचित. दुकानदार होरफाच हातात ठेवून 'थाई बेसिल' म्हणतो, तेव्हा वास घेऊन घ्या. जांभळी देठं आणि बडीशेपेचा वास आला तर ती होरफा.

एक सावधगिरीची सूचना. भारतातून येताना बॅगेत लिंबाच्या कुळातली पानं आणू नका, त्यात कढीपत्ताही आला. लिंबू-संत्र्याची झाडं मारणारा ग्रीनिंग नावाचा रोग इथे फ्लोरिडात मोठं नुकसान करून बसलाय, तो पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही जगते. विमानतळावर पुडी फेकून देतात, आणि जाहीर केली नसेल तर दंडही होतो. मक्रूतचं रोप ऑनलाइन मागवतानाही काही राज्यांत पाठवत नाहीत ते यामुळेच. मी इथल्याच नर्सरीतून घेतलं, उन्हाळ्यात अंगणात, थंडीत खिडकीपाशी.

बाल्कनीतलीबाग

पुण्यात सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत मक्रूतची कलमं मिळतात. घेताना पान चुरगळून बघा, दोन मजली पान आणि डोक्यात जाणारा वास नसेल तर घेऊ नका, ईडलिंबाचं रोप सुद्धा त्या नावाने गळ्यात मारतात. मोठी कुंडी, पाणी न साचणारी माती, दिवसातले पाच-सहा तास ऊन. शत्रू एकच: लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणून लक्ष जात नाही, मग हिरव्यागार होऊन दोन दिवसांत शेंडे साफ. सकाळी पानं उलटून बघत जा. मी उचलून शेजारच्या पडीक जागेतल्या लिंबावर सोडते.

गलांगल तर फारच सोपं. डोळा असलेला ताजा तुकडा हळदीसारखा आडवा लावा, अर्धवट सावली चालते. पांदानला थोडी सावली आणि दमट हवा लागते, पुण्याच्या उन्हाळ्यात टोकं करपतात, मुंबई-कोकणात मजेत.

उंटावरचा_शहाणा

आणि ज्यांची बाल्कनी कपडे वाळत घालण्याएवढीच आहे त्यांनी?

बाल्कनीतलीबाग

त्यांनी फ्रीझर वापरावा. मक्रूतची पानं धुऊन, पुसून, हवा काढलेल्या पिशवीत. गलांगल चकत्या करून, कारण अख्खं गोठलं की कापायला कुऱ्हाड लागते. गवती चहाचे दांडे तुकडे करून. कोथिंबिरीची मुळं तशीच. तुळशी मात्र गोठवू नका, काळ्या पडतात.

कुळागर

गोव्यातून. मक्रूतबद्दल एक: आमच्या बंगाली शेजाऱ्यांनी आणलेलं गंधराज लिंबू आणि त्याची पानं हे मला आजवर सापडलेलं सगळ्यात जवळचं. सारखं नाही, पण त्याच गल्लीत राहणारं. कोलकात्याहून कोणी येणार असेल तर सांगून ठेवा.

आता कपि. ती जवळ्याच्या जातीच्या बारक्या कोळंबीची, मीठ घालून, कुटून, वाळवून मुरवलेली. आमच्या बालचांवात, म्हणजे कोळंबीच्या तिखट लोणच्यात, गालमो म्हणजे सुका जवळा पडतो, बालचांवाचं नातं लोक मलायच्या बेलाचान या कोळंबीच्या पेस्टशी लावतात, पोर्तुगीज जहाजांतून आलेलं. कपि मिळाली नाही तर सुका जवळा कोरडा भाजून, मीठ घालून बारीक कुटून वापरतो. मुरल्याची खोली त्यात नसते, पण समुद्र असतो. खरी कपि असेल तर केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजा, मग वाटणात. खिडक्या उघडा, शेजाऱ्यांना आधी सांगा.

दुसरं, नारळ. सगळे वासाच्या पानांवर बोलताहेत, पण वास धरून ठेवणारी स्निग्धता कुठे आहे? ग्रीन करीचं वाटण तेलात नाही, नारळाच्या पहिल्या दाट दुधात परततात. ते दूध कढईत आटवत राहायचं, तेल सुटलं की वाटण घालायचं. सोलकढीसाठी आपण पहिलं-दुसरं दूध काढतो तसंच: पहिलं परतायला, दुसरं रस्स्याला. डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून काहीबाही घातलेलं असतं, ते कितीही उकळलं तरी तेल सोडत नाही. अशा वेळी चमचाभर खोबरेल घाला आणि पुढे चला. घटकांत फक्त नारळ आणि पाणी लिहिलेला डबा मिळाला तर उत्तम.

सागरगोटा

कुळागर, अगदी हेच राहून गेलं होतं. वाटण नारळाच्या त्या सुटलेल्या तेलात असं परतलं की घरभर वास सुटतो, आणि तो क्षण आला नाही तर पुढे कितीही पानं घाला, करी फिकी.

तुम्ही गोव्याचे म्हणून एक खास: चियांग माईच्या बाजारात गेलात तर माख्वेन शोधा. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला मसाला, विशेषतः नान प्रांतातला. तोंडात टाकला की जीभ झिणझिणते आणि वास संत्र्याच्या सालीचा. हे तुमचं तिरफळ! बरेच वनस्पतीशास्त्रज्ञ दोन्ही एकाच जातीत धरतात. तिथल्या लाब मुआंगमध्ये, म्हणजे उत्तरेच्या खिमा-मसाल्यात, पिंपळी आणि माख्वेन दोन्ही लागतात आणि लिंबू अजिबात नाही. ईशान्येकडच्या इसानच्या लाबमध्ये याच्या उलट: लिंबू, पुदिना, आणि चिकट तांदूळ कोरडा भाजून केलेली जाडसर पूड.

कुळागर

तिरफळ! आम्ही बांगड्याच्या हुमणात घालतो आणि जगात दुसऱ्या कोणाला ते माहीत नाही अशा तोऱ्यात असतो. बी काढून फक्त साल वापरतात का तिथेही?

सागरगोटा

साल हाच मुख्य भाग, काळं बी जिभेवर वाळूसारखं लागतं. उत्तरेत मात्र मसाल्याबरोबर कोरडं भाजून कुटतात. मालवणी-गोवन पद्धतीसारखं ओलं ठेचून रस्स्यात सोडत नाहीत.

आणि इसानचा विषय निघालाच आहे तर: तिथे शेपू भरपूर खातात. मासे, पातळ रस्से, सगळ्यात. शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांना इसानी गेंग ओम हा शेपू घातलेला रस्सा खायला घालायला हवा.

मोरपंखी

शाकाहारी मंडळींसाठी काय? माझी नणंद येतेय. तयार पेस्टची बाटली उघडणार होते, तेवढ्यात घटकांत कोळंबी दिसली.

सागरगोटा

लेबल वाचलंस ते बरं केलंस, बहुतेक पारंपरिक पेस्टमध्ये कपि असतेच. इथे 'जे' नावाचं वेगळं शाकाहारी जेवण आहे, चिनी वंशाच्या लोकांच्या नऊ दिवसांच्या उत्सवात त्यासाठी दुकानांवर पिवळे झेंडे लागतात. त्यात मांस-मासेच काय, लसूण-कांदाही नाही. तशा पेस्टवर 'जे'चं चिन्ह असतं, ते बघून घे. घरी वाटणार असशील तर कपिऐवजी आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, ताओ जियाओ, आणि फिश सॉसऐवजी फिका सोया सॉस अधिक मीठ. नणंद लसूण खात असेल तर प्रश्नच मिटला, 'तीन जिवलग मित्र' पूर्ण शाकाहारी आहेत.

पाटावरवंटा

आता माझ्या नावाला साजेसा प्रश्न. पाट्यावर वाटायचं की खलबत्त्यात कुटायचं की मिक्सर?

सागरगोटा

कुटायचं. पाट्यावर गुळगुळीत होतं पण दांड्यांचे धागे तसेच राहतात. खलबत्त्यात आधी कोरडं आणि कडक: मीठ आणि सुक्या मिरच्या, मग गवती चहा, गलांगल, मक्रूतची साल, मुळं, त्यानंतर लसूण आणि छोटे कांदे, सगळ्यात शेवटी कपि. ओलं आधी घातलंत तर सगळं घसरतं आणि भिंतीवर जातं. धने-जिरे वेगळे भाजून, कुटून.

मिक्सरलाही माझी ना नाही, दर वेळी कोण कुटत बसणार. पण सगळं आधी अगदी बारीक चिरून घ्या, आणि फिरत नाही म्हणून पाणी घालू नका. पाणी घातलेलं वाटण परतलं जात नाही, उकळतं. घालायचंच तर दोन चमचे दाट नारळाचं दूध घाला.

रसायनी

अवांतर: वासाचं बोलतोय आणि मोगरा राहिला. उन्हाळ्यात खाओ छे म्हणून भात खातात, मोगऱ्याच्या थंडगार पाण्यात बुडवलेला. त्याची पद्धत माहीत आहे का कोणाला?

सागरगोटा

संध्याकाळी उमलायला आलेल्या कळ्या खूडून, उकळून गार केलेल्या पाण्यावर अलगद सोडायच्या, झाकण ठेवायचं आणि सकाळी फुलं मलूल व्हायच्या आत काढून टाकायची. जास्त वेळ ठेवली तर पाणी कडवट होतं. मोगरा घरच्या झाडाचा हवा, बाजारातला नको. काही जण त्या पाण्याला वासाच्या मेणबत्तीचा धूरही देतात: वाकडी मेणबत्ती दोन्ही टोकांनी पेटवायची, विझवायची आणि धूर निघत असताना भांड्यात वाटीत ठेवून झाकायची. गोड पदार्थांनाही हाच धूर देतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला देवघरात बसून खीर खाल्ल्यासारखं वाटतं.

उंटावरचा_शहाणा

बरं, हरलो. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने बँकॉकला येतोय. काय आणू? गलांगल म्हणालात तर मोठी बॅग घेतो.

सागरगोटा

ताजी मुळं, पानं, रोपं आणू नका, परवान्याशिवाय भारतातही आणता येत नाहीत आणि गलांगल आता मुंबई-पुण्यात मिळतंय. कफ्राव-होरफाच्या बियांनाही तोच नियम, त्या भारतातूनच मागवा. कपिचा छोटा डबा घ्या, तीन पिशव्यांत गुंडाळून सामानाच्या बॅगेत टाका. माडाच्या गुळाच्या चकत्या घ्या. गोव्यात राहणाऱ्यांना त्याची गरज नाही.

आणि वजनाची मर्यादा शिल्लक असेल तर ग्रॅनाइटचा ख्रोक म्हणजे खलबत्ता घ्या, आंग सिलाचे प्रसिद्ध आहेत, चोनबुरीत, बँकॉकपासून फार लांब नाही. मातीचे आणि लाकडी बत्त्याचे घेऊ नका, ते सोम ताम या कच्च्या पपईच्या सॅलडसाठी असतात, त्यात करीचं वाटण होत नाही. हातातल्या बॅगेत ठेवू नका, दगडी बत्ता बघून सुरक्षा तपासणीवाले अडवतात.

पाटावरवंटा

शहाणे, दोन आणाल का? पैसे लगेच पाठवतो.

उंटावरचा_शहाणा

एकाचं वजन किती असतं ते आधी सांगा.

सागरगोटा

मध्यम घेतला तरी सहा-सात किलोंच्या घरात.

उंटावरचा_शहाणा

पाटावरवंटा, तुम्ही पाट्यावरच वाटा.